बोलावून मारलेलं पिल्लू

चूक आमच्या बाबांची होती, सरळ सांगतो. पेणला आमचा गणपतींचा कारखाना. कॉलेज सोडून मी तिथे मूर्तींचे डोळे आखायचो आणि मधल्या वेळात पाळलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला शिकवायचो. मी शिट्टी मारायची, ते आलं की चिमूटभर सुकट द्यायची. महिन्याभरात ते कुठूनही धावत यायला लागलं.

एकदा त्याने ओल्या मूर्तीची सोंड चावली. बाबांनी माझ्यासारखीच शिट्टी मारली. ते शेपूट हलवत आलं आणि बाबांनी त्याला काठीने बडवलं.

"बोलावून मारता?" मी ओरडलो.

"मग काय त्याच्या पाठी धावू? तुला असाच बडवला असता तर कॉलेज सोडलं नसतंस!"

दुसऱ्या सकाळी रोह्याच्या मूर्ती न्यायला आलेला टेम्पो मागे येत होता. पिल्लू बरोबर चाकामागे. ड्रायव्हरला आमची हाक ऐकू जाईना. मी शिट्टी मारली, तर ते अंग चोरून तिथेच बसलं.

"अरे, परत मार ना!" बाबा म्हणाले.

"आता नाय यायचं ते. तुम्ही शिकवलंत ना!" म्हणत मी चाकामागे हात घातला.

पिल्लू वाचलं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मूर्तींचे डोळे आता बाबा आखतात.