शिडी दुसऱ्या मजल्यावर थांबली

समारंभाचे अध्यक्ष, आपले मुख्याधिकारी साहेब; व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे; आजचे सत्कारमूर्ती, आपले निवृत्त होणारे अग्निशमन केंद्रप्रमुख; त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेल्या वहिनी; आणि समोर जमलेल्या माझ्या सर्व बंधू-भगिनींनो,

मी काही वक्ता नाही. केंद्रातला फोन उचलणं हे माझं काम. ‘ताई, तुमचा आवाज स्वच्छ आहे, तुम्हीच बोला,’ असं सगळ्यांनी ठरवलं आणि मला उभं केलं. आवाज स्वच्छ आहे म्हणून बोलणंही तसंच होईल, याची खात्री कुणी दिलीय?

सत्कारमूर्तींना आम्ही शिट्टीसाहेब म्हणतो. तोंडात दोन बोटं घालून त्यांनी शिट्टी मारली की जेवणाऱ्याच्या हातातला घास खाली पडायचा. वहिनी सांगतात, भाजी आणायला गेले तरी पिशवी घ्यायला खाली ये म्हणून कोपऱ्यावरून शिट्टीच! (वहिनी, हसा की थोडं. आज तुमचाही सत्कार आहे.)

साहेबांचा स्वभाव चौकस. गावात चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा उंच शिडीची नवी गाडी हवी म्हणून सगळ्यांत आधी त्यांनीच आग्रह धरला. निधी मंजूर झाला, गाडी आली, हार घातले, पेढे वाटले. अध्यक्ष महाशयांनी त्या दिवशी फार सुंदर भाषण केलं होतं, ते आजही अनेकांना आठवत असेल.

पाहुणे गेले आणि साहेब गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा नखात रंगाचा पोपडा होता. वरून लाल, आतून पिवळा. ‘ताई, नवी गाडी आधी पिवळी कशी असेल हो?’ त्यांनी मला विचारलं. मग शिडी उचलून पाहिली. दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली, एकदा थरथरली आणि थांबली.

‘गाडी मिळाली’ म्हणून सही करायला साहेबांनी नकार दिला. सही दुसऱ्या कुणीतरी केली. तेव्हा साहेबांनी वरच्या कार्यालयाकडे तक्रार पाठवली. तक्रारीत ‘चोरी’ हा शब्द नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. ‘नव्या गाडीच्या निधीतून जुनी गाडी रंगवून घेतल्याचा संशय आहे, कृपया तपासावे,’ एवढंच. माणूस मर्यादा सोडणारा नव्हे.

वरचं कार्यालय तत्पर निघालं. त्यांनी तक्रार लगेच चौकशीसाठी धाडली. कुणाकडे? जिथून गाडी खरेदी झाली, त्याच कार्यालयाकडे. कुंपणच शेत खातं, अशी एक म्हण आहे. ती इथे लागू होते असं मी म्हणत नाही. म्हण आठवली, एवढंच.

त्याच कार्यालयातून साहेबांना बोलावणं आलं. मी कागदपत्रं घेऊन सोबत गेले होते, दारातच उभी होते. ‘अहो, रंगाखालचा रंग खरवडत बसायचं नसतं,’ त्यांना सांगण्यात आलं, ‘पगार आपल्या सगळ्यांचा याच इमारतीतून होतो.’ बोलणाऱ्याचा सूर अगदी प्रेमाचा होता. साहेब म्हणाले, ‘पगार इथून होतो, म्हणूनच इथे सांगतोय.’

चौकशी समिती आली. शिडी पहिल्या मजल्यापर्यंत उचलली, एका सदस्याने दोन पायऱ्या चढून फोटो काढून घेतला. अहवाल आला: समाधानकारक. साहेब पुन्हा वर गेले, आणखी वर गेले. सगळीकडे चहा मिळाला.

आणि मग ती दुपार आली.

फोन मीच उचलला. कापडबाजारामागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई बोलत होती. ‘ताई, जिन्यात आग आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. मामंजींना चालता येत नाही.’

मी म्हटलं, ‘गाडी निघालीय. दार लावून घ्या, फटीत ओली चादर कोंबा, दोघं खिडकीपाशी थांबा.’

‘शिडी येईल ना इथवर?’

सभागृहातल्या जाणत्या मंडळींना विचारते, मी काय उत्तर द्यायला हवं होतं? मी म्हटलं, ‘साहेब स्वतः येताहेत.’

तिच्या फोनमधून मला आपल्याच गाडीचा भोंगा ऐकू आला. खालच्या लोकांचा गलका ऐकू आला. मग ती म्हणाली, ‘ताई, ती खालीच थांबली.’  मी फोन ठेवला नाही.

साहेब अडकलेल्या शिडीच्या टोकावरून भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपला धरून वर चढले. वय बघा त्यांचं. तिला पाठीवर घेऊन शिडीपर्यंत उतरवलं. ती ओरडत होती, ‘आधी मामंजींना!’ साहेब पुन्हा चढले. मामंजींना त्यांनी आणलंही खाली. पण तोवर धुराने काम केलं होतं. साहेब रस्त्यावर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले, ते कुणी उठवलं तरी उठेनात.

पुन्हा चौकशी झाली, आणि या वेळी दोषी सापडला. ‘केंद्रप्रमुखांनी शिडीची देखभाल केली नाही.’ साहेबांचं निवृत्तिवेतन त्या ठपक्यावर अडकून पडलं आहे. आज त्यांना जे मानपत्र मिळालं, त्यात ‘निष्कलंक सेवा’ असे शब्द आहेत. ठपक्याखाली आणि मानपत्राखाली सही एकाच हाताची आहे. दोन्ही सह्या सुवाच्य आहेत.

हे बोलू का, असं मी सकाळी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बोल गं. गप्प राहून तरी काय हाती लागलं?’ साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘बोला, पण काही होईल या आशेने बोलू नका.’ म्हणून तशी आशा न धरता बोलले. गाडी केंद्रात उभी आहे. या महिन्यात तिला पुन्हा रंग दिला. फोन मी रोज उचलते.

साहेब, वहिनी, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. आयोजकांनी मला वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, मी आपली ऋणी आहे. माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल, तर त्यांनी मोठ्या मनाने मला क्षमा करावी. आणि ज्यांचं जराही दुखावलं नसेल, त्यांच्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत.