बापाच्या नावाचा घास

(महिला संरक्षण अधिकाऱ्याचं ऑफिस.)

सुखीबाई : वर्षातून एक डाव घरी येते, अन् ताटावर बसल्याबरोबर भाजीत मीठ कमी हाये म्हणते. असा हाये माहा पोरगा अमरसिंग.

मॅडम : आजी, तुम्ही सुनेच्या अर्जासाठी आलात ना? रुपीबाईच्या?

सुखीबाई : तिच्याचसाठी. माहेरून आली, पोरीले घिऊन बाहेर बसली हाये. तिले बोलाले जमत नाही, रडते. म्हून मी आत आली.

मॅडम : पोटगीची नोटीस दोनदा परत आली. कापसाच्या जिनिंग मिलवाले म्हणतात, काम सोडून गेला. पत्ताच नाही तर नोटीस द्यायची कुठे?

सुखीबाई : पत्ता मले बी नाही. पण दिवाळीले तो तांड्यावर येते. मेल्या बापाच्या नावानं चुलीच्या विस्तवात लापशी-तुपाचा घास टाकाले. आमच्यात ते पोरानंच करा लागते. बायको सोडली, लेकरू सोडलं, तो घास नाही सोडला त्यानं.

मॅडम : दिवाळीला ऑफिस बंद असतं, आजी.

सुखीबाई : तुमचं बंद राह्यते. त्याचं तेवढ्याच दिवशी उघडं राह्यते.

मॅडम : बरं, येईन मी. पण नोटीस हातात पडल्यावर तो पुन्हा तुमच्या दारात येईल का?

सुखीबाई : त्याच एका दिवशी घरात कोणी मले याडी, म्हंजे आई, म्हणून हाक मारते. ... तुमी सकाळीच या. लापशी खाऊन जासान.

(दिवाळी. दिग्रसजवळचा तांडा. सुखीबाईची चूल पेटलेली.)

अमरसिंग : याडी, कोण बाई हाये ही? कागद देऊन राह्यली मले.

मॅडम : मी संरक्षण अधिकारी. तुमच्या मुलीच्या पोटगीची नोटीस आहे. इथे सही करा, अन् तारखेला कोर्टात या.

अमरसिंग : कुठून देऊ? यंदा कापूस बुडाला, जिनिंगचं काम सुटलं.

सुखीबाई : कापूस बुडाला म्हून पोरीची भूक बुडली का?

अमरसिंग : म्हंजे तूच बोलावलं हिले?

सुखीबाई : मीच.

अमरसिंग : घ्या, केली सही. याडी, आता पुढच्या दिवाळीले माही वाट नको पाहू. एवढा घास टाकतो अन् जातो.

मॅडम : आजी, मी बाहेर थांबते.

सुखीबाई : बसा तुमी. अमरसिंग, वाटी खाली ठेव. आधी जित्या पोरीले घाल, मंग मेल्याले. तुहा बाप आज उपाशी राहीन, पण तुह्या हातचं नाही खाणार.