खामवाडीच्या पंपाचं पाणी

काकासाहेब : वाच ना सूनबाई, तूच शिकलेली. काय लिवलंय या टूथपेस्टच्या नळीवर?

अमृता : फ्लोराईड लिहिलंय, मामा. गारखेड्यापासून रिक्षात हेच वाचत आलोय आपण.

काकासाहेब : आन् आपल्या खामवाडीच्या पंपाला लाल रंग फासून सरकारनं काय लिवलं होतं? ह्योच शबूद. फ्लोराईड जास्त, पाणी पिऊ नये. आता तेच माझ्या नातीच्या तोंडात घालायचं म्हणतेत हे डाक्टर. सरकारनं नको म्हणलेलं औषध म्हणून विकायचं. लई भारी धंदा.

डॉ. धम्मपाल : वाटाण्याएवढी पेस्ट, काकासाहेब. घासायची आणि थुंकायची. गिळायची नाही. आज तर मी फक्त दातांवर एक लेप लावणार आहे. फ्लोराईडचाच. अपेक्षाचे पुढचे दुधाचे दात किडलेत, ते गेल्यातच जमा आहेत. पण मागं तिला पहिली कायमची दाढ आलीय आणि तिच्यावरही किडीचा पांढरट डाग धरलाय. तो आत्ता थांबवता येईल. पुढच्या वर्षी नाही.

काकासाहेब : सहा वर्षांची पोर. दुधाचे दात पडायचेच असतेत. काढणीला आलेल्या पिकाला खत घालतं का कोण?

अमृता : दाढ काढणीची नाही, मामा. जन्मभराची आहे.

काकासाहेब : तू दाताचं बोलू नको. तुझ्या माहेरी घरटी एकाची दाढ चांदीनं भरलेली. साखरपुड्यात हसले का चमकायची.

अमृता : साखरपुड्यात माणसं हसतात. तुमच्याकडचं एकही माणूस तोंड उघडत नव्हतं. माझी आई म्हणाली, स्थळ चांगलं आहे, पण मयतीला आल्यासारखे बसलेत.

काकासाहेब : आमच्या दातावर डाग हायेत, कीड नाय. साठी उलटली, अजून उसाचं कांडं दातानं सोलतो. म्हणून पोरीचे दात मी स्वतः घासून देतो, रोज सकाळी. कोळसा आन् मीठ.

अमृता : आणि रात्री झोपताना दुधात बुडवून बिस्कीट, तेही स्वतः. मी आणलेली पेस्ट मात्र दर वेळी कचऱ्याच्या गाडीत. डॉक्टर, गाडीवाला आता मला विचारतो, ताई, पेस्ट फेकायलाच आणता का.

डॉ. धम्मपाल : काकासाहेब, कपाशीवर फवारणी करताना औषध पंपात कसं टाकता?

काकासाहेब : झाकणानं. मापात. एका गड्यानं बाटलीच उपडी केली होती एकदा, अख्खा पट्टा जळाला. त्याला बांधावरूनच घरी धाडला मी.

डॉ. धम्मपाल : खामवाडीच्या पंपानं बाटली उपडी केली. लहानपणी, दात आत तयार होत असताना, ते पाणी पोटात गेलं की डाग पडतात. मी झाकणाचं बोलतोय. तेही वरून लावायचं. तुमच्या घरी फिल्टरचं पाणी, त्यात फ्लोराईड उरत नाही. पेस्टमध्ये होतं, ते तुम्ही फेकलं. वर गोड बिस्कीट.

काकासाहेब : एवढं खामवाडी खामवाडी करताय. तिथं गेलता का कधी? आन् माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?

डॉ. धम्मपाल : कुणी नाही. मी खामवाडीचाच आहे.

काकासाहेब : असं व्हय! मग सांगायचं की आधी. कुणाचे तुम्ही? वरच्या आळीतले का वेशीकडचे?

डॉ. धम्मपाल : वस्तीवरचा. कचरूचा मुलगा.

काकासाहेब : कचरूचा. आमच्या मळ्यावर होता तो कचरू? मग येवढा वेळ मला काय शिकवायला लागलास रे तू?

डॉ. धम्मपाल : मघापर्यंत मी तुम्ही होतो, काकासाहेब.

काकासाहेब : गावचं लेकरू म्हणून म्हणलो.

अमृता : लेकराला टक्कल पडलंय, मामा.

काकासाहेब : तू गप. आता बरंच झालं की. ह्यो आपल्याच पाण्यावर वाढलेला. धम्मपाल, काढ तो मास्क. दाव सूनबाईला, डाक्टरचे दात कसे झालेत ते. सोताचे चॉकलेटी आन् निघाले पोरीला औषध लावायला.

(डॉक्टरांनी मास्क हनुवटीखाली ओढला. काकासाहेब पुढं झुकले, चष्मा पुसून परत पाहिलं. दात पांढरे होते, एकसारखे.)

काकासाहेब : बसवलेले असतेल.

डॉ. धम्मपाल : माझेच आहेत. हात लावून बघा. आज चालेल.

काकासाहेब : मग लहानपणी मामाच्या गावाला राहिला असशील.

डॉ. धम्मपाल : दहावीपर्यंत खामवाडीतच होतो. पंपावर नव्हतो. वस्तीचा हंडा पंपाला लावायचा नाही असं तुमच्या वडिलांनी ठरवलं होतं. पंपाजवळ उभं राहून ते पाळायचं काम तुमच्याकडं होतं. आई नदीत वाळू उकरायची, झरा काढायची, वाटीवाटीनं हंडा भरायची. वरवरचं पाणी ते. तुमचा पंप खोल खडकातून ओढायचा, फ्लोराईड तिथलं. तुम्ही पंप जपलात, त्यात आमचे दात जपले गेले.

अमृता : घरी तर वेगळंच सांगता, मामा. आमच्या पंपानं अख्ख्या गावाला पाणी पाजलं म्हणून.

काकासाहेब : गावालाच पाजलं.

अमृता : हो. ते दिसतंय आता.

काकासाहेब : तवाची रीतच तशी होती. आता कशाला उकरायचं ते?

डॉ. धम्मपाल : उकरायचं काम आईनं केलं. मी दात बघतो. लेप लावू का, तेवढं सांगा.

काकासाहेब : नाय. तुम्हाला सगळ्यांना गंमत वाटती. माझ्या सुलेखाला बघायला पाहुणे यायचे. पोरगी गोरीपान, शिकलेली. पोहे खायचे, पोरगी हसली का एकमेकांकडं बघायचे. एका बाईनं तोंडावर इचारलं, मिसरी लावतीस का गं. त्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून हसती. लग्नाच्या एकाबी फोटोत तिचा दात दिसत नाय. हे या फ्लोराईडनं केलं. मी ठरवलं, नातीच्या तोंडाला शिवू द्यायचं नाय. त्यात माझं काय चुकलं?

डॉ. धम्मपाल : नातीला जपलं यात काही चुकलं नाही.

अमृता : मामा, काचेतून आत बघा. अपेक्षाच्या खुर्चीसमोर कार्टून लावलंय त्यांनी.

काकासाहेब : बघतोय. हसतीय की चांगली.

अमृता : तिच्या हाताकडं बघा.

काकासाहेब : ...हे कुणी शिकवलं तिला?

अमृता : कुणी नाही. पुढचे दात काळे पडले तेव्हापासून. शाळेत पोरं चिडवतात. बाईंनी मला बोलावून सांगितलं, ती वर्गात तोंड झाकूनच बोलते.

काकासाहेब : मला नाय सांगितलं.

अमृता : सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लाजरी आहे, आत्यावर गेलीय.

काकासाहेब : सुलेखाबी असाच धरायची. डावा हात. बोटं मिटून.

डॉ. धम्मपाल : काकासाहेब, ती वाट बघतेय.

काकासाहेब : लावा.

डॉ. धम्मपाल : आज रात्री ब्रश नको. उद्या सकाळपासून पेस्ट, वाटाण्याएवढी. रोज घासून तुम्हीच द्या, तुमच्या हातची तिला सवय आहे. थुंकेपर्यंत समोर उभं राहायचं. कोळसा बंद, रात्रीचं बिस्कीट बंद.

काकासाहेब : पंपावर उभा राहायचो, आता मोरीवर. बरं. ...डाक्टर, तुमच्या आई, सारजाबाई, हायेत का?

डॉ. धम्मपाल : आहे. हर्सूलला, माझ्याकडंच. वाळू उकरून कंबर गेली, वाकूनच चालते.

काकासाहेब : आन् दात?

डॉ. धम्मपाल : शाबूत आहेत. हसते मोकळी.