छाप खरवडलेला साबण

हॅलो?… हो, अमरावती. कन्याशाळेचं ऑफिस… कोण, इंदू? ट्रंक कॉल लावला तू? काय झालं?…

आहे, आहे. तुहा शालिक इथंच आहे, माह्यासमोर बसला आहे. सकाळच्या एसटीनं आला… अवं, रडून काहून राहिली? उद्या इथं त्याची मुलाखत आहे. एसटीत कारकून घेऊन राहिले. तुले सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतं…

परत? आजच? कशाले?… प्रदर्शन. बरं… अकोल्याहून मोठे पाहुणे… हो, हो… साबण करायच्या सरकारी वर्गातून धंद्याले लागलेला हा एकच पोरगा, म्हणून याले उभं करायचं… अवं, ऐक ना. कोणता धंदा, इंदू? एक तरी वडी खपली का?… केशरबाईनं घेतली. मग?… चिकट झालेलं लुगडं घेऊन भांडायले आली. बरोबर आहे तिचं.

नाही, पोराच्या हातात खोट नाही. तुमच्या गावचं पाणी खारं आहे. त्या पाण्यात साबण शिजवला तर फाटते, अन् अंगाले लावला तर फेस येत नाही. माह्या आठवीच्या पोरींना ठाऊक आहे. वर्ग घेणाऱ्या मास्तरानं तुमच्या विहिरीचं पाणी तोंडात तरी घेतलं होतं का?… घेतलं. अन् थुंकलं. तरी साबणच शिकवला.

हो… 'स्वतःच्या पायावर उभे राहा.' वर्गाच्या भिंतीवर लिहिलं आहे, मीही वाचलं…

तो पळून काहून आला, हे कोणी विचारलं का? काल ब्लॉक ऑफिसच्या साहेबांनी त्याच्यापुढं विकतच्या वड्या ठेवल्या अन् कंपनीचा छाप खरवडायले लावला. उद्या त्याच प्रदर्शनात मांडायच्या, या पोरानं केल्या म्हणून… तुले ठाऊक होतं?… चाकू तू दिला?…

बरं. राहू दे. रडू नको. तू बोलून कुठून राहिली?… ब्लॉकच्याच ऑफिसातून? साहेब बाजूले उभे आहेत? त्यांनीच जीपनं आणलं तुले? मग दे त्यांना फोन… दे म्हणते ना.

नमस्कार. हो, मी शालिकची मावशी. विज्ञान शिकवते… नाही, तो येणार नाही… चिकाटी? साहेब, चिकाटीनं पाणी गोडं होत नाही… प्रमाणपत्र रद्द करता? बेशक करा. एसटीवाल्यांनी मॅट्रिकचं मागितलं आहे, साबणाचं नाही…

मग अडचण काय आहे?… पाहुणे स्वतः हात धुऊन बघणार? बघू द्या… विकतच्या साबणालाही त्या पाण्यात फेस येत नाही, हे तुम्हांला आज कळलं?… उपाय मला विचारता? सोपा आहे. पाहुण्यांना विहिरीवर न्या, हात चोळू द्या, आणि मग त्यांनाच विचारा, या गावाला साबणाचा वर्ग कोणी मंजूर केला…

कोणी?… याच पाहुण्यांनी?

मग तर नक्कीच न्या. आणि माझ्या बहिणीला घरी सोडा. जीपनं आणलंत ना, जीपनंच सोडा… हॅलो?… हॅलो?

ठेवला.

शालिक, ऊठ. घरी चल. उद्याचा शर्ट आजच धुवून घे. इथं फेस येते.