गंजका दांडा

फिनलंडमधल्या या मातीवरच्या मोटारशर्यतीचा नियम असा, की शर्यतीनंतर ठरल्या किमतीला कुठलीही गाडी विकत घेण्यासाठी कुणीही चिठ्ठी टाकावी. मालकाला गाडी द्यावीच लागते. सॉसेजच्या रांगेत, गाडी घ्यायला आलेल्या राईयाच्या पुढे दोघे भाऊ उभे होते.

"दादा, इंजिनावरचा आडवा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा बसवू. दोन किलो वाचतील."

"आणि चकाकेल. जो तो बॉनेटमध्ये डोकावेल."

"डोकावू देत की!"

"मग चिठ्ठी पडेल, एर्नो. गंजक्या पोलादी दांड्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

"त्यापायी शेवटून दुसरे आलो आज!"

"येऊ. आपल्या सतरा नंबरच्या गाडीत बाबांनी बांधलेलं शेवटचं इंजिन आहे."

एर्नो मागे वळला. "ताई, तुम्ही टाकताय कुणाच्या गाडीवर चिठ्ठी?"

"छे! भंगार आहे सगळं," राईया म्हणाली.

सॉसेज हातात आल्यावर तिने ते खिशातल्या, आधीच 'सतरा' लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत गुंडाळलं.