ताईंचं ‘राहू दे’

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर दाटीवाटीने विराजमान झालेले पाहुणे, कार्यकारिणीचे सभासद, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो तरी ज्यांना अगदी कडेची खुर्ची मिळाली त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, आणि इतकी भाषणं सोसूनही जागे असलेल्या रसिकहो, सर्वांना नमस्कार.

मी ओबो वाजवतो, विलायती सनईच म्हणा. वाद्यवृंद सुरू होण्याआधी जो एक सूर ऐकून बाकीचे आपापली वाद्यं जुळवतात, तो सूर देणं माझं काम. बोलणं माझं काम नाही. चिटणीस साहेबांनी सांगितलंय, ‘दोन गोड शब्द बोला.’ गोड जमेल असं वाटत नाही.

मघापासून ताईंचं कौतुक ऐकतोय. कुणी म्हणालं, हात काय डौलदार! अहो, त्या काय नाच करत होत्या? अध्यक्षांनी त्यांना ‘थोर पियानोवादिका’ म्हटलं, ‘वाद्यवृंदाच्या समर्थ संचालिका’ म्हटलं. ‘संगीतकार’ हा शब्द मात्र कुणाच्याही तोंडून निघाला नाही. कसा निघेल? त्यांनी लिहिलेलं या सभागृहात कधी वाजूच दिलं नाही ना! बाहेरगावच्या वाद्यवृंदांनी वाजवलं, लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. इथे दरवर्षी उत्तर ठरलेलं: यंदा नको, पुढच्या हंगामात बघू, लोकांना ओळखीचं लागतं. ओळख करून दिल्याशिवाय ओळखीचं होणार कसं, असं मी एकदा बैठकीत विचारलं होतं. उत्तराऐवजी चहा आला.

आणि ताई काय म्हणायच्या? ‘राहू दे.’

हे ‘राहू दे’ आम्हा वादकांच्या चांगलं ओळखीचं आहे. तालमीत ताई ‘राहू दे’ म्हणाल्या की सूर सोडायचा नाही. दम संपत आला, कान लाल झाले, तरी त्यांचा हात वरच, आणि तोंडाने ‘राहू दे... राहू दे...’ एकदा मी सूर अर्धी मात्रा आधीच सोडला, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘काय हो, गाडी सुटतेय का तुमची?’ अर्धी मात्रा न सोडणारी ही बाई स्वतःचं अख्खं काम सोडून देते, तेही त्याच दोन शब्दांत! ताई, माझा राग कार्यकारिणीवर आहेच, पण तुमच्यावरही आहे. आज सांगून टाकतो.

आज शेवटी त्यांची नवी रचना व्हायची होती, पियानो आणि वाद्यवृंदासाठी. पियानो त्या स्वतः वाजवणार, तिथूनच आम्हाला इशारे देणार. महिनाभर तालमी केल्या. उद्यापासून नवे संचालक येतायत, म्हणजे आज नाही तर इथे कधीच नाही. आणि दुपारी चिटणीस साहेब सांगत आले, वेळ पुरणार नाही, जेवण निवेल. भाषण मात्र एकही कमी झालं नाही. तो पियानो बघा! झाकणावर गुच्छ, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा तरी चष्मा. टेबल कमी पडलं म्हणे!

मी तसाच ताईंकडे गेलो. मागच्या खोलीत एकट्याच बोटं चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘राहू दे रे.’ त्यांचे यजमान दाराशी होते. मला हळूच म्हणाले, ‘महिनाभर घरात दुसरं काही ऐकलं नाही हो मी.’

तर मंडळी, आम्ही वाद्यं घरी ठेवून आलेलो नाही. खुर्च्यांखाली आहेत. चेलो मावले नाहीत, ते जिन्यापाशी आहेत. माझा उरलेला वेळ, आणि आभारप्रदर्शनाचाही, मी ताईंना देतोय. कुणाला विचारलेलं नाही. चिटणीस साहेब, बसा. जेवण पुन्हा गरम करता येतं.

मला बोलायला उभं केल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार. ही चूक ती पुन्हा करणार नाही, याची खात्री आहे. कुणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने माफ करा. आणि ते गुच्छ उचला कुणीतरी.

ताई, या. ‘राहू दे’ म्हणायचंच असेल, तर पियानोवर बसून म्हणा. मी सूर देतो.