परवा कळेल

परक्यांचं बोलणं चोरून ऐकण्यासारखा हीन प्रकार जगात दुसरा नाही, असं निवृत्त मुख्याध्यापकांचं ठाम मत होतं. म्हणून सोनोग्राफीच्या खोलीतून बाहेर येऊन शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई आणि तिचा नवरा यांचं बोलणं ते अगदी उघडपणे ऐकत होते.

“काय म्हणाल्या डॉक्टर?”

“दिवस गेलेत. पण गर्भ पिशवीत दिसत नाहीये.”

“मग आहे कुठं?”

“फार लहान असेल, नाहीतर नळीत अडकला असेल. परवा परत रक्त, परत सोनोग्राफी.”

“आयव्हीएफ करताना त्यांनीच तर पिशवीत नेऊन सोडला होता. तिथून पत्ता चुकला?”

“बापावर गेलाय. स्वतःच्या लग्नाला भलत्याच हॉलवर जाऊन बसला होतास.”

“पण पोचलो ना शेवटी?”

“पोचलास रे.”

“आणि नळीतच असला तर?”

“तर ठेवता येत नाही.”

“दुखतंय का?”

“दर पाच मिनिटांनी विचारू नकोस. दुखलं तर परवाची वाट न बघता पळत यायचंय, तेव्हा सांगेनच.”

“आईला काय सांगू? तिचे तीन फोन येऊन गेले.”

“सांग, आनंद परवापर्यंत धरून ठेवा. रडणंही.”

मुख्याध्यापकांनी पुसायला चष्मा काढला.

“काका, जरा पाय उचलता? माझी चप्पल तुमच्या पायाखाली आहे.”